जानेवारीत मनाली-काझा: मागच्या चाकांची थार पुरेल की फोर बाय फोरच घ्यावी?

पाणंदवाली

नमस्कार मंडळी. गाडी घ्यायची आहे आणि घरात दोन तट पडलेत.

घर संगमेश्वर तालुक्यात. डांबरी रस्त्यापासून अंगणापर्यंत साधारण ४०० मीटर पाणंद, निम्मी उघड्या जांभ्यावरून आणि निम्मी लाल मातीतून. मध्ये एक असा चढ आहे की जून ते सप्टेंबर आमची पुढच्या चाकांची (म्हणजे इंजिनची ताकद फक्त पुढच्या चाकांना जाते ती) हॅचबॅक खाली वडाजवळच राहते. बाकी वापर म्हणजे महिन्यातून दोनदा आंबा घाटाने कोल्हापूर, आणि एप्रिल-मे मध्ये कलमांतून पेट्या बाहेर काढणं.

त्यात आता जानेवारीत हिमाचल ठरतंय, आपलीच गाडी घेऊन. मनाली, अटल बोगद्यातून सिस्सू, आणि रस्ता चालू असेल तर किन्नौरकडून काझा.

पर्याय तीन: दीड लिटर डिझेलची मागच्या चाकांची थार, २.२ डिझेल फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देता येणारी) थार, किंवा फोर बाय फोरच असलेली जिम्नी. शोरूममध्ये सांगतात, बर्फात फोर बाय फोरशिवाय पाऊल टाकू नका. घरातलं दुसरं मत असं की मागच्या चाकांना चेन (टायरवर चढवायची बर्फाची साखळी) बांधली की झालं, उरलेल्या पैशात बागेला कुंपण होईल.

मागच्या चाकांची गाडी बर्फात नेमकी कुठे मार खाते? चेनने किती भागतं? ग्रँड विटारासारखी एडब्ल्यूडी (गरज पडली की आपोआप चारही चाकांना ताकद देणारी) हा मधला मार्ग धरावा का? आणि कोकणातली गाडी तिकडे नेताना आत काय काय बदलावं लागतं?


डिफलॉक

ताई, "बर्फात चालते का" हा एक प्रश्न नाही, तीन आहेत. चढेल का, थांबेल का, उतरताना सरळ राहील का. किती चाकांना ताकद जाते याचा संबंध पहिल्याशी पूर्ण आहे, तिसऱ्याशी अर्धा आहे आणि दुसऱ्याशी अजिबात नाही.

आधी थांबण्याचं बघू. ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतात, त्यामुळे फोर बाय फोर इथे एक फूटही वाचवत नाही. सुक्या डांबरावर पकडीचा आकडा (घर्षणाचा गुणांक) साधारण ०.८ असतो, दाबून घट्ट झालेल्या बर्फावर ०.२, आणि काचेसारख्या गोठलेल्या पाण्यावर ०.१ किंवा त्याहून कमी. ताशी ४० च्या वेगाने ब्रेक दाबला तर सुक्या रस्त्यावर गाडी ८ मीटरमध्ये उभी राहते. घट्ट बर्फावर ३१ मीटर लागतात आणि काचेवर ६३. यात ब्रेकवर पाय जाईपर्यंतचं अंतर धरलेलंच नाही. फोर बाय फोरवाले खड्ड्यात जातात ते इथेच. चढताना गाडी इतकी सहज चढते की रस्ता किती निसरडा आहे ते कळतच नाही, ते कळतं पहिल्या वळणावर ब्रेक दाबल्यावर.

आता चढ. मागच्या चाकांच्या गाडीत ढकलायला फक्त मागच्या एक्सलवरचं वजन कामाला येतं. सामान भरलेल्या गाडीत ते एकूण वजनाच्या निम्मं धरा. ०.२ पकड गुणिले निम्मं वजन, म्हणजे १०० मीटरला १० मीटर चढ ही तिची हद्द. फोर बाय फोरची हद्द त्याच्या दुप्पट. आपल्याकडचे डोंगरी महामार्ग बहुतेक ठिकाणी १०० ला ५ ते ७ या उताराचे बांधलेले असतात. म्हणजे कागदावर मागच्या चाकांची गाडी घट्ट बर्फात महामार्ग चढते, पण खिशात फारसं काही शिल्लक न ठेवता. समोरचा ट्रक थांबला, तुम्ही थांबलात, चाकांखालचा बर्फ घासून गुळगुळीत झाला, पकड ०.१ वर आली की तिची हद्द १०० ला ५ होते. रस्त्याचा चढही तेवढाच. मग चाक जागेवर फिरतं आणि मागचा भाग हळूच दरीच्या किंवा गटाराच्या बाजूला सरकायला लागतो.

एक गोष्ट मात्र मागच्या चाकांच्या बाजूने सांगायला हवी. चढावर गाडीचं वजन मागे सरकतं, म्हणून पुढच्या चाकांच्या गाडीपेक्षा ती चढाला बरी. तुमची हॅचबॅक वडाजवळ राहते त्याचं निम्मं कारण हेच आहे.

तिसरा मुद्दा उताराचा, आणि याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. आपण घाट उतरताना गिअर कमी करतो, इंजिन गाडी रोखून धरतं. ती रोख कुठल्या चाकांवर येते? ज्यांना इंजिन जोडलेलं आहे त्यांच्यावर. मागच्या चाकांच्या गाडीत सगळी रोख मागच्या दोन चाकांवर येते, आणि उतारावर तीच हलकी झालेली असतात. काचेसारख्या रस्त्यावर तिसऱ्यातून झटकन दुसरा टाकून क्लच सोडला तर मागची चाकं हँडब्रेक ओढल्यासारखी धरतात आणि गाडी फिरते. फोर बाय फोरमध्ये फोर-हाय (चार चाकं, नेहमीचा वेग) किंवा फोर-लो (चार चाकं, कमी वेग पण जास्त जोर) टाकलं की तीच रोख चार चाकांत वाटली जाते. हिमाचलसाठी फोर बाय फोर घ्यायची असेल तर ती उतरण्यासाठी घ्या. चढण्याचं काम चेनही करते.

तुमच्या पाणंदीला हेच गणित लावा. ओल्या चिकट लाल मातीची पकड ०.३ धरली तर मागच्या चाकांची हद्द १०० ला १५, म्हणजे साडेआठ अंशांच्या आसपास. मोबाईलमधलं लेव्हलचं ॲप उघडा, पाच फुटी सरळ पट्टी चढावर ठेवा आणि फोन त्यावर ठेवून अंश बघा. सर्वांत खड्या जागी ८ च्या खाली आकडा आला तर कुंपण करून घ्या. १० च्या वर आला तर वाद मिटला.


कुडाळचो मिस्त्री

बाय, चढाक चार चाकां लागतत, थांबाक टायरच लागतत. ह्यां शोरूमवालो सांगूचो नाय.

आता टायरचं सविस्तर, सगळ्यांना कळेल असं. तुम्ही कुठलीही गाडी घेतलीत तरी कंपनीतून येणारं टायर हे आपल्या उन्हासाठीचं असतं. त्याचं रबर तापमान ७ अंशांच्या खाली गेलं की कडक व्हायला लागतं. उणे १० ला ते प्लास्टिकच्या बादलीसारखं होतं. खास हिवाळी टायरचं रबर तिथेही मऊ राहतं, आणि त्याच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक चिरा असतात. त्या चिरांच्या कडा बर्फ पकडतात. अशा टायरच्या बाजूला तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असतं. नुसतं एम प्लस एस (मड अँड स्नो) लिहिलं असेल तर ते फक्त नक्षीबद्दल आहे, रबराबद्दल नाही. आपल्याकडे हिवाळी टायर दुकानात सहज मिळत नाहीत आणि दहा दिवसांसाठी चार घेणं परवडतही नाही, म्हणून गोष्ट चेनवर येते.

आणखी एक गैरसमज. मोठ्या ठोकळ्यांचं मड टायर दिसायला राकट, पण काचेसारख्या बर्फावर ते साध्या टायरपेक्षा वाईट. ठोकळे कमी, चिरा नाहीत, रबर कडक. चिखलात आणि ताज्या भुसभुशीत बर्फात ते चालतं, घट्ट बर्फात नाही. तुमच्या वापराला ऑल-टेरेन (डांबर आणि माती दोन्हीला चालणारं) बरं. पाणंदीत लाल माती नक्षीत लिंपून बसते, डांबरासाठीचं एचटी टायर दोन फेऱ्यांत गुळगुळीत होतं. ऑल-टेरेनच्या रुंद फटींतून ती बाहेर फेकली जाते.

जुनी गाडी नेणाऱ्यांसाठी: टायरवर डीओटीपुढे शेवटचे चार आकडे बघा. ३२१९ म्हणजे २०१९ चा ३२ वा आठवडा. कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी चालते, बर्फासाठी ४ च्या खाली असेल तर निघू नका.

आता चेन. माप टायरच्या बाजूला लिहिलेलं असतं, थारचं २५५/६५ आर १८ किंवा २४५/७५ आर १६, जिम्नीचं १९५/८० आर १५. व्हेरिएंटप्रमाणे बदलतं, ते बघूनच मागवा. "एसयूव्ही साइज" असं मोघम लिहिलेली घेऊ नका. तिकडे भाड्याने मिळतात त्या बहुतेक टॅक्सींच्या मापाच्या. रुंद टायरवर त्या ओढून बसवल्या की बाहेरची कडी मधोमध तुटते आणि लोंबती साखळी चाकाच्या कमानीवर हाणत राहते.

घालायची रीत: गाडी सपाट जागी, गिअरमध्ये, हातात रबरी हातमोजे. चेन जमिनीवर पसरून पीळ काढा, हुकांची उघडी तोंडं टायरच्या उलट दिशेला, म्हणजे बाहेर. आतली केबल टायरच्या मागून फिरवून वरती जोडा. मग जाळी टायरवर टाकून बाहेरची कडी लावा आणि ताणायची साखळी जमेल तेवढी खेचा. ५० ते १०० मीटर सावकाश चालवा, थांबा, पुन्हा खेचा. दुसऱ्यांदा खेचायचं लोक विसरतात आणि चेन तिथेच सुटते. उरलेलं टोक बांधून टाका, लोंबतं ठेवू नका. आतल्या बाजूला ब्रेकचा होज आणि एबीएसची तार असते. चेन चढवल्यावर त्यांच्यात आणि चेनमध्ये एक बोट जागा आहे का ते हात घालून बघा. वेग ४० च्या वर नेऊ नका. डांबर दिसलं की काढा, नाहीतर चेनही जाते आणि टायरही.

पहिला सराव घरच्या अंगणात करा, दिवसा एकदा आणि रात्री टॉर्चवर एकदा.

मागच्या चाकांच्या गाडीला चेन मागेच. पुढे बांधली तर गाडी वळेल, पण ढकलायला काही नाही आणि शेपूट मोकळं. मात्र मागेच बांधल्यावर हे लक्षात असू द्या की पुढची चाकं अजून उघडीच आहेत. चढेल, पण उतारावर वळण घेताना नाक सरळ जाऊ शकतं. उतारावर चालत्या माणसाचा वेग, त्याहून जास्त नाही.


रातांबा

एडब्ल्यूडीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

ग्रँड विटाराची ऑलग्रिप किंवा हायरायडरची एडब्ल्यूडी ही मुळात पुढच्या चाकांची गाडी. मागच्या एक्सलच्या अलीकडे क्लचच्या चकत्यांचा एक जोड असतो. पुढचं चाक घसरतंय असं कळलं की संगणक त्या चकत्या दाबतो आणि मागे ताकद जाते. स्नो मोडमध्ये हा जोड लवकर दाबला जातो आणि रेस मऊ होते. डांबरावर, पावसात, अर्ध्या बर्फाच्या अर्ध्या सुक्या रस्त्यावर यासारखं सुख नाही, कारण ड्रायव्हरला काही करावं लागत नाही. पण लो-रेंज (फोर-लोचा जोर) नाही, आणि चिखलात दहा मिनिटं चाकं फिरवत बसलात तर चकत्या तापतात आणि संगणक मागची ताकद बंद करतो. मनाली-सिस्सूला ती उत्तम आहे. तुमच्या पाणंदीला पोटाखालची जागाही कमी पडेल.

थार आणि जिम्नीची पद्धत वेगळी. दोन्ही एरवी मागच्या चाकांच्या गाड्या. लिव्हर ओढून फोर-हाय टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधले जातात, मध्ये डिफरेन्शियल (दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत, बर्फात तो फरक चाक थोडं घसरून भरून निघतो. पकड असलेल्या रस्त्यावर निघत नाही, मग सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि ट्रान्सफर केसमध्ये (ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेटीत) साठतो. स्टिअरिंग जड होतं, गाडी वळणात अडकल्यासारखी चालते, लिव्हर परत निघत नाही. म्हणून आंबा घाटात पाऊस आहे म्हणून फोर-हाय टाकून वळणं घेऊ नका. ओल्या डांबरालाही तेवढी पकड असते. अडकलाच तर सरळ रेषेत दहा-पंधरा फूट मागे घ्या, पीळ सुटतो, लिव्हर येते.

अटल बोगद्याच्या उत्तर तोंडाशी हाच प्रश्न उभा राहतो. ९.०२ किलोमीटर सुका रस्ता, आणि बाहेर पडल्या पडल्या सावलीतला गोठलेला रस्ता. बोगद्यात टू-हाय (फक्त मागची चाकं) ठेवा, उजेड दिसला की वेग कमी करून सरळ पट्ट्यात फोर-हाय टाका. बाहेर आल्यावर चाक घसरलं आणि मग लिव्हर शोधायला लागलात तर उशीर झाला.

एक सूचना घरच्या वापरासाठी. फोर बाय फोर घेतलीत तर महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर फोर-हाय चालवा. पुढच्या एक्सलचं तेल फिरतं, सील सुकत नाहीत. आपल्या खाऱ्या हवेत चार महिने न हललेली लिव्हर पाचव्या महिन्यात हलत नाही.


पाणंदवाली

सगळ्यांचे आभार. पट्टी ठेवून मोजलं. सर्वांत खडी जागा ११ अंश, साधारण पंधरा मीटर लांब, आणि नेमकी तिथेच माती. जांभ्याच्या भागात ६ ते ७.

मग मागच्या चाकांची गाडी बाद समजायची का? की त्या पंधरा मीटरला चिरे (जांभ्याचे ठोकळे) बसवून घेतले तर चालेल? आणि टायरमध्ये हवा किती ठेवायची? इथे ३२ भरून निघालो तर तिकडे थंडीत किती उतरेल?


डिफलॉक

११ अंश म्हणजे १०० ला १९. मातीत मागच्या चाकांना ते झेपणार नाही. पंधरा मीटर आहे म्हणून खालून वेगात येऊन मारून नेता येईल असं वाटतं, पण वर पोचण्याआधी दोन फूट राहिले की गाडी मागे येते, आणि ओल्या मातीत मागे येणारी गाडी ब्रेकने थांबत नाही.

चिरे बसवणं हा खरा उपाय आहे, आणि तो कुठल्याही गाडीसाठी करा. फक्त तासून गुळगुळीत केलेले नको, खडबडीत बाजू वर ठेवा, दोन चिऱ्यांत बोटभर फट सोडा आणि वरच्या बाजूला पाणी वळवणारा आडवा चर काढा. सप्टेंबरपर्यंत शेवाळ धरतंच, ते तारेच्या ब्रशने खरवडावं लागेल. शेवाळलेला जांभा मातीपेक्षा बरा नाही. सिमेंटचा पट्टा ओतणार असाल तर ओला असतानाच झाडूने आडव्या रेघा मारून घ्या.

हवा: साधारण ५-६ अंशांना १ पीएसआय उतरतो. इथले ३० आणि तिकडचे उणे १०, म्हणजे ४० अंशांचा फरक, ६ ते ७ पीएसआय कमी. ३२ चे २५-२६ होतील.


समुद्रसपाटी

वरचं अर्धंच बरोबर आहे. थंडीने ६ पीएसआय उतरतात हे खरं, पण उंचीने परत येतात. गेज दाखवतो तो टायरच्या आतला आणि बाहेरच्या हवेचा फरक. रत्नागिरीत बाहेरची हवा १४.७ पीएसआयने दाबते, ३,००० मीटरवर जेमतेम १०. म्हणजे तापमान तेच राहिलं तर गेजवर साडेचार पीएसआय वाढलेले दिसतात. दोन्ही एकत्र धरा: इथे ३० अंशाला ३२ भरलेलं टायर सिस्सूला उणे १० मध्ये ३० च्या आसपास दिसेल. २५ समजून पंपावर ६-७ पीएसआय भरून घेतलेत तर टायर टणक होईल आणि जमिनीला टेकणारा पट्टा कमी होईल.

म्हणून गणित करत बसू नका. रोज सकाळी गाडी हलवण्याआधी स्वतःच्या गेजने मोजा आणि दाराच्या चौकटीवरचा आकडा धरा. घट्ट बर्फासाठी हवा कमी करायची गरज नाही. चेन बांधलेल्या टायरमधली तर मुळीच नाही, चेन सैल होते. वाळू आणि खोल भुसभुशीत बर्फ यांत १८ पर्यंत खाली येण्याचा उपयोग होतो, पण मग परत भरायला गाडीत कॉम्प्रेसर हवा.

वाळूचा विषय निघाला म्हणून: फोर बाय फोर घरात आली की पुळणीवर न्यायचा मोह होतो. बऱ्याच किनाऱ्यांवर गाडी घालायला बंदी आहे, गुन्हा दाखल होतो आणि भरतीला गाडी पोलीस काढून देत नाहीत.


डिफलॉक

मान्य. उंचीचं धरलं नव्हतं. वरचा आकडा सोडून द्या, समुद्रसपाटी म्हणतात तो घ्या.


गॅरेज_पागोळी

गाडीच्या आतलं काय बदलायचं ते राहिलंय. कोकणातली गाडी थेट उणे १५ मध्ये नेताना चार गोष्टी घात करतात, आणि चारही इथेच निस्तरता येतात.

डिझेल. आपल्याकडच्या डिझेलमध्ये मेण असतं, थंडीत ते गोठून फिल्टर बंद करतं. भारतीय मानकात उन्हाळी डिझेल १५ अंशांपर्यंत आणि हिवाळी ३ अंशांपर्यंत वाहतं राहिलं की पास. मेणाचे कण त्याच्या आधीच धरायला लागतात. काझाला जानेवारीच्या रात्री उणे २० च्याही खाली जातात. सकाळी स्टार्टर फिरतो, गाडी दोन मिनिटं चालून बंद पडते, आणि लोक बॅटरीला शिव्या देतात. मैदानातलं डिझेल टाकीत घेऊन वर चढू नका. टाकी पाव राहील असा हिशेब ठेवा आणि डोंगरातल्या पंपावर भरा, किन्नौरकडून जाताना रेकाँग पिओच्या आसपास आणि मग काझाला. डिझेलमध्ये टाकायचं अँटी-जेल मिळतं, पण ते मेण धरण्याआधी टाकायचं असतं, गोठल्यावर ओतून उपयोग नाही. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ पर्यंत वाहणारं डिझेल आणलं ते याच कारणाने. नवा डिझेल फिल्टर टाकून निघा आणि जुन्या फिल्टरखालचं पाणी सोडा. आपल्या दमट हवेत टाकीत पाणी साठतंच, आणि ते शून्यालाच गोठतं. जिम्नी पेट्रोल आहे, तिला हा त्रास नाही. या एका मुद्द्यावर ती थारच्या पुढे आहे.

कूलंट. नव्या गाडीत प्रश्न नसतो. पण वर्षभरात कुणीतरी "थोडं कमी दिसतंय" म्हणून बाटलीतलं पाणी ओततोच. निम्मं ग्लायकॉल, निम्मं डिस्टिल्ड पाणी असं मिश्रण उणे ३५ च्या आसपास टिकतं. पाणी वाढलं की हा आकडा भराभर वर येतो. गॅरेजमध्ये रिफ्रॅक्टोमीटर असतो, एक थेंब टाकून मोजून घ्या. काच धुण्याच्या टाकीतलं साधं पाणीही काढून टाका, नाहीतर मोटर फुटते.

बॅटरी. उणे १८ ला लीड-ॲसिड बॅटरीची ताकद निम्म्यावर येते आणि त्याच वेळी घट्ट झालेलं इंजिन ऑइल फिरवायला दुप्पट जोर लागतो. तीन वर्षांच्या वरची असेल तर लोड टेस्ट करून घ्या. टर्मिनलवर आपल्याकडे खाऱ्या हवेने हिरवट पांढरी बुरशी धरते, ती गरम पाण्याने धुऊन व्हॅसलिन लावा.

डीईएफ, म्हणजे धूर साफ करायला वेगळ्या टाकीत भरायचं युरियाचं पाणी. ज्या डिझेल गाडीला ते लागतं तिथे लक्षात ठेवा की उणे ११ ला ते गोठतं. टाकीला हीटर असतो, गाडी सुरू झाल्यावर तो वितळवतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण टाकी काठोकाठ भरू नका, गोठताना ते फुगतं.

आणि रात्री हँडब्रेक लावून ठेवू नका. ओले ब्रेक शू ड्रमला चिकटून गोठतात आणि सकाळी मागची चाकं फिरत नाहीत. पहिला गिअर टाका, चाकाला दगड लावा, वायपर काचेपासून उचलून ठेवा. काचेवर गरम पाणी ओतू नका, तडकते.

परत आल्यावर खालून पाण्याचा जोरदार फवारा मारून घ्या. तिकडची रेती आणि कुठे कुठे टाकलेलं मीठ चॅसीच्या खोबणीत बसतं, आणि आपल्या हवेत आल्यावर गंज चढायला पावसाचीही वाट बघत नाही.


रातांबा

चालवण्याबद्दल चार ओळी. बर्फावर दुसऱ्या गिअरमध्ये उठवा, पहिल्याचा जोर चाकाला झेपत नाही. फोर-लोमध्ये तर नक्कीच. ब्रेक सरळ रस्त्यात, वळणात पाय पेडलवरून बाजूला. वर येणाऱ्या गाडीला वाट द्यायची हा डोंगरी रस्त्याचा नियमच आहे, बर्फात तो सौजन्य म्हणून नव्हे तर गरज म्हणून पाळा, कारण चढावर थांबलेली गाडी परत उठत नाही. रुतलात तर ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) बंद करा, तो चाक फिरतंय म्हणून इंजिनची ताकदच कापतो. थोडं पुढे, थोडं मागे, हळूच. चाक फिरवत बसलात तर खालचा बर्फ वितळून परत गोठतो आणि स्वतःचीच काच तयार होते. एक फावडं आणि दोन जुनी गोणपाटं गाडीत ठेवा. गोणपाट चाकाखाली घातलं की बहुतेक वेळा निघते.

वेळ दहा ते तीन. दुपारी वितळलेलं पाणी चारनंतर रस्त्यावरच गोठतं, आणि ते दिसत नाही, डांबर नुसतं ओलं वाटतं. सावलीतली वळणं, पूल आणि नाल्याचं पाणी जिथे रस्ता ओलांडतं त्या जागा. काझाच्या वाटेवर नाकोजवळचा मलिंग नाला त्यासाठीच बदनाम आहे.

शिवाय बर्फ पडत असताना मनालीच्या पुढे पोलीस अडवतात आणि बऱ्याचदा फक्त फोर बाय फोर गाड्या सोडतात. चेन दाखवून कधी सोडतात, कधी नाही. मागच्या चाकांची थार दिसायला तीच असली तरी तिथे लिव्हर कुठे आहे ते बघतात.


कुडाळचो मिस्त्री

पैशाचं सांगतो, कारण कुंपणाचा विषय त्यात अडकलाय. मागच्या चाकांची डिझेल थार स्वस्त पडते ती नुसती पुढचा एक्सल नाही म्हणून नव्हे. चार मीटरच्या आत लांबी आणि १,५०० सीसीच्या आतलं डिझेल असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १८ टक्के. २.२ डिझेल आणि जिम्नीचं दीड लिटर पेट्रोल त्यात बसत नाही, त्यांना ४० टक्के. म्हणजे फरकातला मोठा भाग सरकारचा, लोखंडाचा नाही.

११ अंश पाणंद असेल तर माझं मत फोर बाय फोर, पण ती पाणंदीसाठी, हिमाचलसाठी नव्हे. हिमाचलला दहा दिवस स्थानिक गाडी भाड्याने घेऊनही जाता येतं, पाणंद वर्षातले चार महिने रोज चढायची आहे. थार की जिम्नी, तर जिम्नी हलकी, अरुंद टायरची, पाणंदीच्या वळणात सहज बसणारी. पण मागची सीट उभी ठेवून सामानाला २०८ लिटरच जागा आहे. आंब्याच्या पाच डझनी पेट्या किती बसतात ते शोरूममध्ये एक पेटी घेऊन जाऊन बघा. तीन दारी थारचीही तीच रड. सीट पाडायला लागली तर किती पेट्या जातात ते मोजा, आणि मग सही करा.

चिरे मात्र मे महिन्याच्या आत बसवून घ्या. पाऊस लागला की ट्रॉलीच वर येणार नाही.